घरूनच थेरपी: नागपूरच्या आईवडिलांनी सुरुवात कशी करावी

मूल चार वर्षांचं झालं तरी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. दहावीतली मुलगी जेवणाचं ताट घेऊन खोलीत जाते आणि दार लावून घेते. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक बाळाकडे पाहून नुसती रडते. अशा वेळी घरात कोणीतरी सुचवतं, ऑनलाइन थेरपी घेऊन पाहू. मोबाइलवर शोधलं की दहा मिनिटांत ढीगभर जाहिराती समोर येतात आणि फोन नेमका कोणाला करावा हेच कळत नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. क्लिनिकमध्ये बंद दार, शांत खोली, खुर्च्या, खेळणी, बाहेर बाकावर थांबलेली आजी, हे सगळं थेरपिस्टने लावून ठेवलेलं असतं. ऑनलाइनमध्ये हा अर्धा दवाखाना तुमच्या घरात, तुमच्याच हाताने उभा करायचा असतो. म्हणून खाली खोली, फोन, वही आणि कोणी कुठे बसायचं याबद्दल जास्त लिहिलं आहे.

हे काम ऑनलाइनचं आहे का

काही गोष्टी स्क्रीनवर करायच्या नसतात. मूल किंवा मोठं माणूस जीव द्यायची भाषा बोलत असेल तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल, आणि कसं करायचं हेही ठरलेलं असेल किंवा स्वतःला इजा करून झाली असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध कुलपात टाका. मग अपॉइंटमेंटची वाट न पाहता मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत जा. ११२ (तातडीची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) या दोन्ही नंबरांवर चोवीस तास फोन लागतो.

कानात आवाज येणं, कोणीतरी आपल्या मागावर आहे असं ठाम वाटणं, बाळंतिणीचं एकाएकी असंबद्ध बोलणं, जेवण जवळपास बंद होऊन वजन उतरणं, हेही आधी प्रत्यक्ष तपासणीचं काम. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर ६ ते ४८ तासांत आकडी (फिट) येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊ शकतो. "उद्यापासून सोडतो आणि ऑनलाइन समुपदेशन घेतो" हा बेत ऐकायला चांगला आहे, पण सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हायला हवी.

घरात मारहाण होत असेल तर नवराबायकोचं एकत्र सेशन ठेवूच नका. सेशनमध्ये जे बोललं त्याचा हिशोब फोन बंद झाल्यावर चुकता केला जातो. फोन तपासला जात असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला बोला.

निदानाचा मुद्दा वेगळा. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी यांचा पहिला अंदाज व्हिडिओवर येऊ शकतो. पण बुद्ध्यंकाची चाचणी आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची तपासणी समोरासमोरच होते. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, मात्र मुलाला सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. नागपुरात त्यासाठी लांब जायची गरज नाही. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय हे सगळं शहरातच आहे. मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, आणि पागलखाना चौक हे नाव अजून ऑटोवाल्यांच्या तोंडी आहे, म्हणून पुष्कळ घरं तिकडे पाय ठेवायला बिचकतात. तिथली ओपीडी इतर ओपीडीसारखीच असते: चिठ्ठी काढा, डॉक्टरांना भेटा, घरी या.

बाकीच्या बऱ्याच गोष्टी ऑनलाइन चांगल्या होतात. मुलांचा हट्ट आणि चिडचिड, झोपेचं बिघडलेलं वेळापत्रक, अभ्यासावरून रोजची भांडणं, परीक्षेची धास्ती, आईवडिलांचा थकवा, नवराबायकोतला अबोला, घरातल्या मृत्यूनंतरचं दुःख, विशेष मुलांच्या पालकांचं प्रशिक्षण.

कोण काय करतं

इथे गोंधळ झाला की पैसे आणि महिने दोन्ही जातात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. आपल्याकडे प्रॅक्टिस करणाऱ्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. स्पेशल एज्युकेटर आणि स्पीच थेरपिस्ट यांचीही नोंदणी तिथेच. समुपदेशक किंवा काउन्सेलर ही पाटी मात्र अशी नोंदणी नसलेलेही लावतात. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारे समुपदेशक आहेत, तसेच आठवडाभराचा ऑनलाइन कोर्स करून बसलेलेही आहेत. म्हणून प्रत्येकाला शिक्षण, किती वर्षांचा अनुभव आणि कोणत्या वयाच्या मुलांसोबत, हे तीन प्रश्न विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याला सोडा.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली. मोफत, चोवीस तास, मराठीतही. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज पडली तर पुढच्या तज्ज्ञाकडे जोडून देतो. आठवड्याला त्याच माणसाशी ठरलेलं सेशन ही तिची रचना नाही. पण "हे खरंच काही आहे की आम्ही उगाच घाबरतोय" या प्रश्नाला तिच्याइतकी सोपी जागा दुसरी नाही. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका असेल तर १०९८, चाइल्डलाइन.

पहिला मेसेज

थेरपिस्टला लांबलचक कहाणी लिहू नका, मुलाचं नाव, फोटो, शाळेचे रिपोर्ट पाठवू नका. एवढं पुरे:

"नमस्कार. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. वर्गात जागेवर बसत नाही, घरी अभ्यासावरून रोज भांडण, साधारण सहा महिन्यांपासून. आई-बाबा दोघंही बोलायला तयार आहोत. मराठी किंवा हिंदी चालेल. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी वेळ आहे. तुमचं शिक्षण, नोंदणी क्रमांक, एका सेशनची फी आणि वेळ कळवाल का?"

भाषेचा उल्लेख मुद्दाम करा. नागपुरी घरांत आजी वऱ्हाडी बोलते, मूल शाळेतून हिंदी आणि इंग्रजी घेऊन येतं, आई दोन्हींत मिळून बोलते. थेरपिस्टला मुलाची हिंदी कळते पण आजीचं "लेकराले काहून रडवता?" कळत नाही, असं झालं की आजी पहिल्याच सेशनमध्ये बाहेर पडते, आणि घरातला निम्मा कारभार आजीच्या हातात असतो.

उत्तर आलं की आणखी चार गोष्टी ठरवून घ्या. सेशन किती मिनिटांचं, कारण एकट्याचं साधारण ४५ ते ५० मिनिटं असतं आणि कुटुंबाचं ६० ते ९० पर्यंत जातं. रद्द करायचं तर किती तास आधी सांगायचं, बऱ्याच ठिकाणी २४ तास. दोन सेशनच्या मधे व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर मिळतं का. आणि पावतीवर नोंदणी क्रमांक येतो का, कारण विम्याचा दावा किंवा ऑफिसची भरपाई त्याशिवाय अडते. दहा सेशनचं पॅकेज सवलतीत आहे म्हणून आधीच भरू नका. पहिली दोन सेशनं एकेक करून, पॅकेजशिवाय घ्या. माणूस पटतोय की नाही ते तेवढ्यात बऱ्यापैकी कळतं, आणि परताव्याची भांडणं टळतात.

खोली, फोन आणि कूलर

एप्रिल ते जून या दिवसांत नागपुरात ऑनलाइन सेशनची सगळ्यात मोठी अडचण कूलर असते, नेटवर्क नंतर. खिडकीतल्या कूलरच्या पंख्याचा एकसुरी घरघराट माइकमध्ये शिरतो. कॉलचं अ‍ॅप तो आवाज गाळायला बघतं आणि त्यासोबत हळू बोललेलं वाक्य, मुलाची कुरबुर, दबलेला हुंदकाही गाळून टाकतं. थेरपिस्टला तुम्ही गप्प बसलेले दिसता. उपाय सोपा आहे. सेशनच्या अर्धा तास आधी कूलर जोरात चालवून खोली थंड करा, सेशन सुरू होताना त्याचा पंखा बंद करा, छताचा पंखा दोनवर ठेवा आणि वायरचा इयरफोन लावा, म्हणजे माइक तोंडाजवळ राहतो. हे झेपत नसेल तर सकाळी सातची वेळ मागा.

हाच कूलर दाराबाहेर मात्र फार कामाचा. हॉलमध्ये कूलर किंवा टीव्ही चालू ठेवला की आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नाही. क्लिनिकमध्ये दाराबाहेर आवाजाचं छोटं यंत्र ठेवतात ते याचसाठी.

दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळणं खरंच कठीण. गच्ची चालते, पण ऊन उतरल्यावर आणि शेजारची गच्ची रिकामी असेल तेव्हा. उभी केलेली गाडी थंडीपावसात उत्तम, मे महिन्यात रात्री आठच्या आधी तिचं नावही काढू नका. बाग, तलावाची पाळ, चहाची टपरी ही सेशनची जागा नाही. तिथे माणूस आजूबाजूला पाहत बोलतो आणि महत्त्वाचं तेवढं टाळतो. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरात सगळ्यांची ये-जा एकाच खोलीतून असेल, तर सासूसासरे संध्याकाळी मंदिरात जातात तो तास पक्का करा.

फोन हातात धरू नका. भरलेल्या स्टीलच्या डब्याला टेकवून आडवा ठेवा, डोळ्यांच्या उंचीवर, दोघं बसणार असाल तर साधारण एक मीटर दूर. दोघांना एकाच फोनवर ऐकायचं असेल तर फोनच्या एका भोकाला दोन इयरफोन जोडणारा स्प्लिटर मिळतो. उन्हाळ्यात चार्जिंगला लावून व्हिडिओ चालवला की फोन तापतो आणि कॅमेरा आपोआप बंद पडतो. म्हणून आधी पूर्ण चार्ज करा, कव्हर काढा, वायर उपटा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर दिवसभर रील्स पाहून रात्री सेशनला बसलात तर मधेच आवाज तुटणारच.

वीज किंवा नेट गेलं तर काय, हे आधीच ठरवा: दोन मिनिटं थांबायचं, मग थेरपिस्टने साधा फोन करायचा. आणि प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला "आज मी अमुक ठिकाणी आहे" असं सांगायची सवय ठेवा. जवळच्या एका नातेवाइकाचा नंबर थेरपिस्टकडे असू द्या. तुम्ही मधेच कोसळलात तर कोणाला कुठे पाठवायचं हे समोरच्याला कळलं पाहिजे.

सात दिवसांची वही

पहिल्या सेशनआधी एक पान माहितीचं करा: मुलाची जन्मतारीख, कधी चाललं, कधी बोललं, झोप, भूक, शाळा, आजार, चालू औषधं, आधी कोणाला दाखवलं. दुसरं काम जास्त मोलाचं. साधी वही घ्या आणि सात दिवस, दिवसाला एक-दोन प्रसंग, तीन रकान्यांत लिहा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं.

उदाहरणार्थ, मंगळवार, रात्री साडेआठ. आधी: जेवायला बसवलं, हातातला मोबाइल काढून घेतला. मुलाने: ताट ढकललं, ओरडला, जमिनीवर लोळला, १२ मिनिटं. नंतर: आजी म्हणाली, "जेवू दे त्याला", मोबाइल परत दिला, मग तीन पोळ्या जेवला.

"फार हट्टी आहे" या वाक्यातून थेरपिस्टला काही मिळत नाही. वरच्या तीन ओळींतून दिसतं की हट्टाचं फळ बाराव्या मिनिटाला मिळतं आणि ते कोण देतं. वेळ घड्याळाकडे पाहून लिहा. रागात असताना पाच मिनिटं तासाभराची वाटतात. तिसरा रकाना बहुतेक पालक कोरा सोडतात, कारण तिथे आपणच दिसतो.

मुलाच्या वयाप्रमाणे सेशन बदलतं

सहा वर्षांखालच्या मुलाला स्क्रीनसमोर पाऊण तास बसवता येत नाही आणि बसवूही नये. इथे थेरपिस्ट शिकवतो तुम्हाला, मूल शिकतं तुमच्याकडून. "मुलाचा प्रॉब्लेम आहे, आमच्याशी काय बोलता" असं म्हणणाऱ्या वडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

या वयासाठी पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी नावाची पद्धत आहे. थेरपिस्ट कॅमेऱ्यातून तुमचा खेळ पाहतो आणि तुमच्या कानातल्या इयरफोनमधून हळूच सूचना देतो. ऑनलाइनला ती छान बसते, कारण मूल आपल्याच घरात, आपल्याच खेळण्यांशी असतं. फोन जमिनीलगत ठेवा, खोलीचा कोपरा आणि मुलाचे हात दिसतील असा. इयरफोन एकाच कानात. ठोकळे, भांडीकुंडी, खडू चालतात. बंदूक, चेंडू आणि हारजीत असलेले खेळ नकोत.

आपण सवयीने काय बोलतो ते पाहा: "हा कोणता रंग? इथे लाव. असं नाही, पडेल ना!" एक प्रश्न, एक हुकूम, एक टीका. मूल दोन मिनिटांत उठून जातं. त्याऐवजी जे दिसतं ते बोला: "तू लाल ठोकळा वर ठेवलास." मूल म्हणालं, "हे अजनी स्टेशन," तर तुम्ही, "अच्छा, हे अजनी स्टेशन." त्याने दुसरा मनोरा लावला तर तुम्हीही लावा. आणि नेमकं काय आवडलं ते सांगून कौतुक करा: "किती हळूच ठेवलंस, पडू दिलं नाहीस." नुसतं "गुड बॉय" पोकळ आहे, त्यातून कोणती गोष्ट पुन्हा करायची ते मुलाला कळत नाही. हा खेळ रोज पाच मिनिटं, घड्याळ लावून. मुलाने त्या दिवशी गोंधळ घातला तरी ही पाच मिनिटं शिक्षा म्हणून कापायची नाहीत. बहुतेक पालकांना इथेच अवघड जातं.

यानंतर कधीतरी थेरपिस्ट सांगेल की मोबाइलसाठीच्या रडण्याकडे लक्ष देऊ नका. इथे सावध राहा. लक्ष काढून घेतलं की रडणं आधी वाढतं. १२ मिनिटांचं २५ मिनिटांवर जातं, आवाज चढतो, कारण आतापर्यंत चालत आलेला उपाय चालेना म्हणून मूल जोर लावून पाहतं. तिसऱ्या दिवशी आजीचं काळीज पाघळतं, मोबाइल हातात येतो, आणि मूल शिकतं की २५ मिनिटं रडावं लागतं. जी सवय मोडायची होती ती आता आधीपेक्षा पक्की झाली. म्हणून हे सुरू करण्याआधी एक सेशन आजी-आजोबांसोबत ठेवा आणि घरातले सगळे तयार असल्याशिवाय हात घालू नका. पाहुणे येणार आहेत, घरात लग्न आहे, तो आठवडा टाळा. आपटणं, चावणं, रस्त्यावर पळणं असं धोक्याचं काही असेल तर दुर्लक्ष करायचं नसतं, तिथे वेगळी पद्धत लागते. ती आधी विचारून घ्या.

सात ते बारा वर्षांत अर्धं सेशन मुलाशी, अर्धं तुमच्याशी. मुलाला आधी सांगा की हे डॉक्टर सुई देत नाहीत, शाळेतल्या मॅडमला काही कळवत नाहीत. "तू नीट वाग नाहीतर थेरपीवाल्या ताईंना सांगीन" असं एकदा जरी म्हटलं तरी पुढची चार सेशनं पोट्टं तोंड उघडत नाही.

तेरा वर्षांपुढे खोली मुलाची, दार बंद, तुम्ही बाहेर. नीट-जेईईच्या क्लासमधून रात्री नऊला परतलेल्या मुलाला साडेनऊचं सेशन लावू नका, तो फक्त हो-नाही म्हणेल. पहिल्या सेशनला तिघांनी मिळून गुप्ततेचा करार करा: मैत्री, प्रेम, मार्क, आईवडिलांवरचा राग हे थेरपिस्ट तुम्हाला सांगणार नाही. जिवाला धोका असेल तर सांगणार. आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. हे मुलालाही आधीच कळलं पाहिजे, नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. सेशन संपल्यावर दारातच "काय बोलला?" असं विचारू नका. पाणी द्या, जेवायला वाढा. शेवटची दहा मिनिटं तुम्हाला हवी असतील तर थेरपिस्टकडून मुलाच्या संमतीने मागा.

नवराबायको, आणि बाळंतीण

नवरा चंद्रपूरच्या खाणीत किंवा पुण्यात नोकरीला, बायको-मुलं नागपुरात, अशा घरांसाठी ऑनलाइनची सोय फार मोठी आहे. दोघांनी दोन ठिकाणांहून, दोन फोनवर यावं. एकाच घरात असाल तर शेजारी बसून एक फोन. वेगवेगळ्या खोल्यांतून वेगवेगळे फोन लावले की आवाज घुमतो आणि भांडण स्क्रीनशी होतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं आधी परत सांगायचं, हा नियम ऑनलाइनमध्ये अधिक कडक लागतो, कारण दोन आवाज एकदम आले की अ‍ॅप एक दाबून टाकतं. थेरपिस्टला न्यायाधीश करू नका. "सांगा मॅडम, चूक कोणाची?" याला चांगला थेरपिस्ट उत्तर देत नाही. चोरून रेकॉर्डिंग करू नका, आणि कोर्टात प्रकरण चालू असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडणं सर्रास होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, झोप बाळामुळे नाही तर विचारांमुळे जात असेल, "मी वाईट आई आहे" असं सतत वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. थेरपिस्ट एडिनबरा नावाची दहा प्रश्नांची यादी देईल. ३० पैकी १३ किंवा जास्त आले तर पुढची तपासणी लागते, आणि शेवटचा प्रश्न, स्वतःला इजा करण्याचा, त्यावर शून्याखेरीज काहीही आलं तरी लगेच बोलायचं. माहेर यवतमाळचं असो की भंडाऱ्याचं, ही थेरपी तिथूनच चालू ठेवता येते. सेशन वीस-वीस मिनिटांची मागा, बाळाला पाजताना कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. त्या वेळात बाळ कोण सांभाळणार हे कागदावर लिहा. "बघू कोणीतरी" म्हटलं की कोणी नसतं.

औषध

मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर व्हिडिओवर तपासून काही औषधं लिहू शकतो. अल्पवयीन मुलाच्या सल्ल्याला मोठं माणूस सोबत हवं आणि त्याची ओळख पटवावी लागते, म्हणून आधार कार्ड हाताशी ठेवा. शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतली, आणि अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं मात्र ऑनलाइन लिहिता येत नाहीत. अतिचंचलतेसाठी, म्हणजे एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट त्यांत मोडतं. तसंही त्यासाठी उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब वेळोवेळी मोजावा लागतो. तेव्हा अशा मुलाची थेरपी ऑनलाइन आणि औषधासाठी डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट, अशी जोडगोळी ठेवा. कोणी फोनवरच चिठ्ठी पाठवतो म्हणाला तर नको म्हणा.

चार-सहा सेशननंतर

पहिल्या सेशनला ध्येय मोजता येईल असं ठरवा. "मुलगा सुधारावा" हे मोजता येत नाही. "आठवड्यात जेवणावरून होणारी भांडणं सातवरून तीनवर" हे येतं. चार ते सहा सेशननंतर वहीची पानं काढून थेरपिस्टसोबत पाहा. काहीच हललं नसेल तर आधी गृहपाठ किती दिवस झाला ते मोजा. सातपैकी दोन दिवसच झाला असेल तर गृहपाठ लहान करून घ्या. रोज अर्धा तास जमत नसेल तर पाच मिनिटं घ्या, पण रोज. गृहपाठ नीट झाला आणि तरी फरक नसेल, तर थेरपिस्टला सरळ विचारा, निदान पुन्हा तपासायचं का, की दुसऱ्याकडे पाठवता. गुपचूप फोन घेणं बंद करण्यापेक्षा हे बरं. त्याच वेळी लेखी सारांश मागा, पुढच्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

मुलाकडे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांचं प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात ओपीडीतल्या थेरपीचाही खर्च येतो. पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावा.

बरं वाटायला लागलं की एकदम थांबू नका. आठवड्याचं सेशन पंधरवड्यावर आणा, मग महिन्यावर. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. सुट्टीत शांत झालेलं मूल गणवेश, रिक्षा आणि नवा वर्ग यांच्या पहिल्या आठवड्यात परत उसळतं. त्यामुळे जूनच्या मध्यावर एक सेशन आधीच नोंदवून ठेवा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी जाताना वही सोबत न्या.